संगणकमहाराज आणि खिडकीतला माणूस

(म्हैसूर येथे भरलेल्या रेल्वे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात मराठी भाषिक प्रतिनिधींपुढे केलेले भाषण)



आयोजकांनी आम्हाला विषय दिला आहे, ‘संगणक, नवे तंत्रज्ञान आणि कामगार’. विषय मोठा आणि वक्ता मॅट्रिक. हे आम्ही आयोजकांना आधीच सांगितले. ते म्हणाले, “या विषयावर मोठमोठ्या विद्वानांची तीन व्याख्याने झाली. कुणाला काही कळले नाही. आता तुम्ही बोला.” तेव्हा आजही काही कळले नाही तर निराश होऊ नका. वर्गाची परंपरा चालू राहिली एवढेच समजा.

आम्ही रोज सकाळी चहाबरोबर पेपर वाचतो. पूर्वी पहिल्या पानावर पुढाऱ्यांचे फोटो असत, आता यंत्रांचे असतात. अमुक यंत्र आता कविता करते, तमुक यंत्र निदान करते, आणखी एक यंत्र म्हणे दुसरी यंत्रे तयार करते. या बातम्या वर्षानुवर्षे वाचून आमच्या एक गोष्ट ध्यानात आली आहे. काम नीट झाले की बातमीत यंत्राचे नाव येते. काम बिघडले की माणसाचे नाव शोधतात. आणि तो माणूस बहुधा खालच्या श्रेणीतला, खिडकीत बसलेला किंवा रुळावर उभा असलेला निघतो. आजच्या भाषणाचा सारांश एवढाच आहे. ज्यांना शेवटची लोकल पकडायची आहे त्यांनी आता उठायला हरकत नाही.

जे बसले आहेत त्यांना एका वाघाची गोष्ट सांगतो. आपण बसलो आहोत त्या म्हैसूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर श्रीरंगपट्टण आहे. तिथे टिपू सुलतानाकडे एक लाकडी वाघ होता. वाघाने एका गोऱ्या माणसाला खाली पाडले आहे, असा देखावा. बाजूचे हँडल फिरवले की पोटातला भाता चाले, वाघ गुरगुरे, माणूस कण्हे आणि त्याचा हात वरखाली होई. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि इंग्रजांनी तो वाघ लुटून लंडनला नेला. तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या इमारतीत तो लोकांसाठी मांडला. येणारा प्रत्येक जण हँडल फिरवी, वाघ गुरगुरे, आणि शेजारच्या ग्रंथालयात अभ्यासाला बसलेले लोक वैतागत. पुढे कधीतरी ते हँडल नाहीसे झाले. वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता बघा, वाघाचे नाव इतिहासात राहिले, टिपूचे राहिले. ज्याने सुतारकाम केले, ज्याने भाता बसवला, ज्याने दरबारात उभे राहून हँडल फिरवले, त्याचे नाव कुठे आहे? आजच्या संगणकाचेही असेच आहे. गुरगुर सगळ्यांना ऐकू येते. हँडल कुणाच्या हातात आहे ते कुणी विचारत नाही. आपण कामगार संघटनेची माणसे आहोत. आपला धंदाच मुळी हँडल फिरवणाऱ्याचे नाव विचारण्याचा आहे.

संघटना म्हटली की लोक म्हणतात, “तुम्ही संगणकाचे वैरी.” याबाबत थोडा इतिहास सांगणे जरूर आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठे आंदोलन केले. प्रश्न देशभर गाजला आणि केंद्र सरकारने ऑटोमेशनबाबत समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर. त्यांचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांशी यांत्रिकीकरणाबाबत रीतसर करार केला. म्हणजे यंत्र यावे की नाही यापुरते हे भांडण नव्हते. यंत्र कोणत्या अटींवर यावे, किती यावे, आणि त्याच्यामुळे मोकळ्या झालेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न होता. तो प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी म्हणणे सोपे असते. उत्तर द्यावे लागत नाही.

आपल्या रेल्वेत १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झाले. ती प्रणाली सीएमसी या सरकारी कंपनीच्या इंजिनिअरांनी तयार केली. हे मुद्दाम सांगतो, कारण सरकारी माणसाला काही येत नाही असे म्हणण्याची आता फॅशन आहे. ती सरकारी कंपनी २००१ मध्ये टाटांना विकली गेली आणि २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. १९८६ मध्ये रेल्वेने स्वतःचे ‘क्रिस’ हे माहिती केंद्र काढले आणि १९९९ च्या एप्रिलपर्यंत देशातली आरक्षण केंद्रे एकमेकांना जोडली गेली.

त्याआधीचे दिवस ज्यांना आठवतात ते सांगतील. एका गाडीचे एक जाडजूड रजिस्टर असायचे. ते ज्या खिडकीवर, तिथेच त्या गाडीची रांग. मुंबईची रांग वेगळी, मद्रासची वेगळी. तासभर उभे राहून पुढे पोहोचल्यावर कळायचे की आपली खिडकी शेजारची. परतीच्या आरक्षणासाठी तारा जायच्या आणि उत्तराची वाट बघावी लागायची. पुठ्ठ्याचे छोटे तिकीट, त्यावर तारखेचा खटका. संगणकाने ही दगदग संपवली. प्रवाशाची सोय झाली, बाबूची मानही थोडी सरळ झाली. आमची तक्रार या सोयीबद्दल नाही. दादरहून शरावती एक्स्प्रेसने म्हैसूरला यायचे असो की म्हैसूरहून शिर्डीला जायचे असो, कोणत्याही गावच्या खिडकीवर तिकीट मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे.

नव्या काळात गमतीही झाल्या. २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवरून तिकीट विकायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना वाटले की आता सगळे हवेतून होणार. प्रत्यक्षात काय झाले? प्रवाशाने घरी बसून संगणकावर बटण दाबायचे आणि मग छापील तिकीट कुरिअरने घरी यायचे. म्हणजे एकविसाव्या शतकाचे यंत्र, आणि शेवटचा टप्पा कुरिअरवाल्याच्या पायावर. पेपरांनी संगणकाचे कौतुक केले. जिने चढून तिकीट आणून देणाऱ्या पोराचे कुणी केले नाही. प्रवाशाने स्वतःच छापून घ्यायचे ई-तिकीट २००५ मध्ये आले.

तत्काळ तिकिटांचेही तसेच. पूर्वी दलाल हा हाडामांसाचा माणूस होता. तो कोणत्या पानाच्या ठेल्यावर उभा राहतो हे सगळ्या गावाला ठाऊक असे. आता दलालाने देह ठेवला आणि तो यंत्रात अवतरला. जून २०२५ मध्ये रेल्वेनेच सांगितले की तत्काळची खिडकी उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे लॉगिन होतात, त्यांतले निम्म्यापर्यंत माणसांचे नसतात, आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचे असतात. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद करावी लागली आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारची पडताळणी आली. पण स्टेशनवर रात्रभर उभा राहून तिकीट न मिळालेला प्रवासी शिव्या कुणाला देतो? काचेपलीकडच्या बाबूला. प्रोग्रामला शिवी देऊन उपयोग नाही, त्याला कान नसतात.

आता या संगणकाच्या भाषेकडे वळू. ही भाषा फार धूर्त आहे. ‘सर्व्हर डाउन’ हे वाक्य आज आपल्या खेड्यातल्या आजीलाही येते. बँकेत सर्व्हर डाउन, सातबाऱ्याला सर्व्हर डाउन, रेशनच्या दुकानात सर्व्हर डाउन. हा सर्व्हर कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तो सर्वत्र आहे, त्याची इच्छा कुणाला कळत नाही आणि तो कोपला की हात जोडून बसण्याखेरीज उपाय नाही. आमच्या मते त्याची एक पोथी लिहून घ्यायला हवी.

‘बग’ म्हणजे किडा. आमच्या शेतकरी बांधवाच्या मालात किडा निघाला की व्यापारी भाव पाडतो. सॉफ्टवेअरमध्ये किडा निघाला की कंपनी सुधारलेली आवृत्ती काढते आणि पुन्हा पैसे मागते. हा व्यापार आमच्या भावकीतल्या कुणालाही जमला नाही. ‘क्लाउड’ म्हणजे ढग. आम्ही ढगाकडे बघतो ते पावसासाठी. कंपन्या म्हणे सगळा हिशेब ढगात ठेवतात. चौकशी केली तेव्हा कळले की तो ढग म्हणजे कुठेतरी जमिनीवर असलेली मोठी इमारत. तिला वीज लागते, पाणी लागते, दारावर वॉचमन लागतो. ढगालासुद्धा वॉचमन लागतो, आणि तो बहुतेक कंत्राटी असतो.

नावे बदलण्याची कला आपल्या प्रशासनालाही अवगत आहे. गँगमनचा ट्रॅक मेंटेनर झाला. हातातला हातोडा तोच, उन्हाळाही तोच. २०२२ च्या जानेवारीत गार्डाचा ट्रेन मॅनेजर झाला. घरी बायकोने विचारले असेल, “मॅनेजर झालात, पगार किती वाढला?” पण सॉफ्टवेअरवाल्यांनी आपल्यालाही मागे टाकले आहे. तिथे माणसाला ‘रिसोर्स’ म्हणतात. जसे कोळसा, लोखंड, पाणी, तसाच हा. आणि ज्याला तात्पुरते काम नाही तो ‘बेंचवर’ असतो. आमच्या शाळेत बेंचवर उभे करायचे, तेव्हा निदान कारण सांगून उभे करायचे.

१९९९ साली जगात मोठी घबराट झाली होती, ती तुम्हाला आठवत असेल. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवायची म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिले होते. २००० साल उजाडले की संगणकाला ते १९०० वाटेल आणि सगळे कोलमडेल, अशी भीती. ते दोन आकडे दुरुस्त करण्याच्या कामातून आपल्या देशातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना पुष्कळ काम मिळाले. १ जानेवारी २००० ला फारसे काही बिघडले नाही. लोक म्हणाले, “उगाच घाबरवले.” अहो, हजारो पोरांनी रात्री जागून दुरुस्ती केली म्हणून बिघडले नाही. आमचा ट्रॅकमनही रात्री रूळ तपासतो, म्हणून सकाळी गाडी घसरत नाही. घसरली नाही ही बातमी होत नाही.

आणि घसरली तर काय होते, ते १९ जुलै २०२४ ला दिसले. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतली कंपनी संगणकांच्या संरक्षणाचे काम करते. तिने एक सदोष अपडेट पाठवले आणि जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून आडवे झाले. चोर आला नव्हता, दरोडा पडला नव्हता. कुंपणच शेत खाऊन गेले. विमाने रद्द झाली, इस्पितळांत कामे अडली. आणि आपल्या देशातल्या विमानतळांवर काय झाले? कर्मचाऱ्यांनी पेन घेतले आणि बोर्डिंग पास हाताने लिहून दिले! एवढे अब्जावधी डॉलरचे शास्त्र, आणि प्रसंगी उपयोगी पडला तो बॉलपेन आणि तो धरणारा हात. तो हात आधीच ‘जादा’ ठरवून घरी पाठवला असता, तर बॉलपेनने एकट्याने काय केले असते?

अमेरिकेची आणखी एक गंमत. ॲमेझॉन कंपनीने अशी दुकाने काढली की आत जा, वस्तू उचला आणि चालू पडा. गल्ल्यावर माणूस नाही, रांग नाही. छताला कॅमेरे, आणि हिशेब यंत्र करणार. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने तिकडच्या आपल्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून घेत असल्याचे सांगितले. त्याच वेळी बातम्या आल्या की या बिनमाणसांच्या दुकानांमागे भारतात सुमारे हजार माणसे बसून चित्रफिती तपासत होती. कंपनीने या वर्णनाचा इन्कार केला, मात्र यंत्राला शिकवण्यासाठी माणसे चित्रफितींवर खुणा करतात आणि काही खरेद्या माणसांकडून तपासून घेतल्या जातात, हे मान्य केले. आमच्या दृष्टीने एवढे पुरे आहे. गल्ल्यावरचा माणूस नाहीसा झाला नव्हता. तो गिऱ्हाइकाच्या नजरेआड झाला होता, आणि जो नजरेआड होतो त्याचा पगार ठरवणे मालकाला सोपे जाते. टिपूच्या वाघाचे हँडल लंडनमध्ये हरवले, ते आमच्या मते असे सापडले.

आतापर्यंत हसलो. आता थोडे गंभीर बोलले पाहिजे.

रोख हाताळणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्याला एक भीती ठाऊक असते. ड्यूटी संपताना रोकड जुळली नाही तर फरक आपल्या खिशातून जाणार. हिशेब हाताने लिहिलेला असला की वही उघडून चूक शोधता येते. हिशेब यंत्राने केला असेल तर? इंग्लंडच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवली गेली. ती पुरवणारी कंपनी फुजित्सू. छोट्या छोट्या पोस्टांमध्ये हिशेबात तूट दिसू लागली. पोस्टमास्तर म्हणत, “आम्ही एक पैसा घेतलेला नाही.” वरून उत्तर येई, संगणक चुकत नाही. तिथल्या न्यायालयातही संगणक बरोबर चालतो असे गृहीत धरले जाई. ९०० हून अधिक लोक चोर ठरले. काहींनी घरदार विकून खोटी तूट भरून दिली, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाईंना २०१० मध्ये तुरुंगात पाठवले, तेव्हा त्या गरोदर होत्या. २०१९ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितले की प्रणालीतच दोष होते. सीमाबाईंची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली. बाकीच्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. वीस-पंचवीस वर्षे! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच. फरक एवढाच की इथे चोर यंत्रात दडला होता.

ही माणसे एकेकटी लढली, कारण प्रत्येकाला सांगितले गेले की “असा प्रकार तुमच्याच पोस्टात होतो.” ॲलन बेट्स नावाच्या एका पोस्टमास्तराने इतरांना शोधून एकत्र आणले, तेव्हा चक्रे फिरली. कामगार चळवळीचा पहिला धडा तो हाच. शेजारच्या खिडकीवर काय चालले आहे ते विचारा.

आणि हे नुसत्या पैशांपुरते नाही. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार येथे जो अपघात झाला, त्यात २९० हून अधिक माणसे गेली. तिथे इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होते. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले की सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या कामातली चूक तशीच राहून गेली होती, आणि त्या दिवशीच्या कामातही त्रुटी होत्या. यंत्र आपल्याला दिलेल्या तारेप्रमाणेच चालते. तार नीट जोडायला शिकलेला माणूस हवा, त्याला पुरेसा वेळ हवा, आणि त्याचे काम तपासणारा दुसरा माणूस हवा. या तिन्हींत काटकसर केली तर कितीही नवी यंत्रणा आणा, ती त्या माणसांइतकीच भरवशाची राहणार.

आता म्हैसूरचे बोलू. राजवाडा, चंदन, रेशीम आणि म्हैसूरपाक ही या गावाची जुनी कीर्ती. आपल्यासाठी अशोकपुरमचा रेल्वे कारखाना. पण नव्या पिढीला हे गाव माहीत आहे ते इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्रामुळे. ही कंपनी १९८१ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली. नारायण मूर्तींचे इंजिनिअरिंगचे शिक्षण म्हैसूरचे. इथल्या आवारात एका वेळी दहा हजारांहून अधिक मुले शिकू शकतात. सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक आईबापांनी मुलगा म्हैसूरला निघाला तेव्हा गल्लीत पेढे वाटले असतील.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याच केंद्रातून तीनशेहून अधिक शिकाऊ मुलामुलींना कमी केले गेले. कंपनीचे म्हणणे, अंतर्गत परीक्षा पास होण्यासाठी तीन संधी दिल्या होत्या आणि ही अट करारातच होती. पुण्यात काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. तिचे म्हणणे, आकडा याहून मोठा आहे. या मुलांपैकी कित्येकांनी हातात नेमणूकपत्र घेऊन दोन-दोन वर्षे रुजू होण्याची वाट पाहिली होती. वाद फिरून फिरून एका शब्दावर आला. ही मुले कामगार, की शिकाऊ?

बंधूंनो, हा शब्द आपल्याला नवा नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात लिहिले आहे की शिकाऊ हा कामगार नव्हे. आपल्या कारखान्यांतून शिकून बाहेर पडलेल्या पोरांनी या एका कलमावर किती वर्षे घासली आहेत ते तुम्ही जाणता. कातकाम शिकणारा शिकाऊ आणि संगणक शिकणारा शिकाऊ, दोघांच्या कपड्यांत फरक आहे. एकाच्या शर्टाला ग्रीस लागते, दुसऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र असते. गेटाबाहेर काढले की दोघेही त्याच बसस्टॉपवर उभे राहतात.

कामाच्या तासांचेही असेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोलणे गाजले. लिलाव चढत चालला होता. आठवड्याचे तास एकूण १६८ असतात, म्हणून पुढे बोली लावायला मर्यादा आहे. यात जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांचा दिवस ओव्हरटाइमसह १४ तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव पुढे आला. इथल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या ‘किटू’ या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. आपल्या लोको कर्मचाऱ्यांनी ऑगस्ट १९७३ मध्ये संप केला तो ड्यूटी दहा तासांवर आणावी म्हणून. त्या माणसांनी कोळशाच्या धगीसमोर उभे राहून जे मागितले, ते आज वातानुकूलित खोलीतल्या पोराला पुन्हा मागावे लागते आहे.

याच राज्यात जून २०२४ मध्ये आयटी उद्योगाला १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातून आणखी पाच वर्षे सूट देण्यात आली, काही अटी घालून. नोकरीचे नियम लेखी असावेत आणि ते कामगाराला माहीत असावेत, एवढेच तो कायदा सांगत होता. जी कंपनी प्रत्येक प्रोग्रामची ओळ न् ओळ लिहून ठेवते, तिला नोकरीचे नियम लिहिणे जड का जावे, हे आमच्या मॅट्रिकच्या डोक्यात शिरत नाही. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन चार श्रमसंहिता आल्या. त्यांचे भांडण वेगळे आहे, ते दुपारच्या सत्रात होईल.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२ हजार, म्हणजे २ टक्के माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने सांगितले की हे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नव्हे, कौशल्ये जुळत नाहीत म्हणून. असेल. वीस वर्षे नोकरी झालेल्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला या फरकाने काय होणार? कृत्रिम बुद्धिमत्ता येवो, नैसर्गिक येवो, हप्ता पाच तारखेलाच येतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. ‘यंत्र नको’ असे आपण म्हणत नाही. यंत्र येऊ दे, पण करार आधी होऊ दे. त्या करारात चार गोष्टी हव्यात.

पहिली, नवी प्रणाली बसवण्यापूर्वी संघटनेशी लेखी चर्चा व्हावी. किती जागांवर परिणाम होणार, त्या माणसांना कुठे सामावणार, हे आधी कागदावर यावे. उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर चर्चा म्हणजे वरात गेल्यावर घोडे शोधणे.

दुसरी, यंत्र बंद पडले तर काम कसे चालवायचे याचा सराव, साहित्य आणि माणसे राखून ठेवावीत. बॉलपेन स्वस्त आहे, तो चालवता येणारा अनुभवी माणूस मात्र एका दिवसात मिळत नाही.

तिसरी, आणि ही आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. केवळ संगणकाच्या नोंदीवरून कुणालाही दोषी धरू नये. आरोपपत्र द्यायचे असेल तर ती नोंद कशी झाली, यंत्रात त्या दिवशी काय बिघाड होते, हे पाहण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आणि त्याच्या संघटनेला हवा. संगणक साक्षीदार म्हणून येणार असेल, तर त्याची उलटतपासणीही झाली पाहिजे.

चौथी, नव्या यंत्राचे शिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारी असावे. रात्री अकराला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर साहेबांचा हुकूम यायचा आणि सकाळी विचारायचे, “वाचला नाहीत का?” ही पद्धत बंद व्हावी. अंगठ्याचे चित्र पाठवले म्हणजे माणूस ड्यूटीवर आहे असे होत नाही.

शेवटी एक काम तुम्हा प्रत्येकाला सांगतो. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणीतरी मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या नोकरीत असेल. त्यांना वाटते की संघटना ही खाकी कपडेवाल्यांची, लाल झेंड्यांची, जुन्या काळातली गोष्ट. त्यांच्याशी बोला. भाषण देऊ नका, आमच्यासारखे तर मुळीच नको. एवढेच विचारा की बाबा, तुझे तास किती, तुझे नियम लेखी आहेत का, आणि उद्या तुला बोलावून राजीनाम्यावर सही मागितली तर तू कुणाला फोन करशील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नसेल तर ते तुमच्यापाशी असू दे. पुण्यात, बंगळूरमध्ये त्यांच्या स्वतःच्या संघटना उभ्या राहिल्या आहेत. त्यांचा पत्ता शोधून द्या, आपल्या कार्यालयाचे दार त्यांच्यासाठी उघडे ठेवा. रूळ टाकणारा आणि प्रोग्राम लिहिणारा एका बाकावर बसला, तर यंत्राच्या अटी ठरवताना मालकाला दोघांशीही बोलावे लागेल.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतले, मध्ये कुणाचाही मोबाइल वाजला नाही. सर्व्हर डाउन असावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!